जॉर्जियाच्या दरबारातला अमीरस्पसालार

बाराव्या-तेराव्या शतकात कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जॉर्जियाचे राज्य भरात होते. त्या राज्याच्या सरसेनापतीला ‘अमीरस्पसालार’ म्हणत. अरबी ‘अमीर’ आणि फारसी ‘सिपहसालार’ असा हा जोडशब्द आहे. दख्खनच्या सुलतानशाह्यांचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला त्याची दोन्ही अंगे ओळखीची वाटतील. राज्य ख्रिस्ती, राजघराणे बग्रातिओनी, दरबारी लिपी जॉर्जियन. पण सैन्याच्या प्रमुखाचे नाव मात्र मुसलमानी दरबारांतून आलेले. यात त्या काळच्या कोणाला काही वावगे दिसले नाही. इराण, बायझँटियम आणि सेल्जुक तुर्क या तिघांच्या सांध्यावर वसलेल्या या राज्याने पदव्या, पोशाख आणि लढण्याच्या पद्धती तिन्हीकडून उचलल्या होत्या.

त्याआधी सैन्याच्या प्रमुखाला ‘स्पसपेती’ म्हणत. हा शब्दही जुन्या इराणी राज्यव्यवस्थेतूनच आलेला. अकराव्या शतकात या पदाची जी दशा झाली, ती पाहिल्याशिवाय अमीरस्पसालाराच्या पदाभोवतीची पुढची धुमश्चक्री नीट कळत नाही. त्या काळी क्ल्देकारीचा सरंजामदार लिपारित बाघवाशी इतका बलाढ्य झाला होता, की राजा चौथा बग्रात नावापुरताच उरला. लिपारितने कधी राजाच्या बाजूने तलवार उपसली, कधी राजाविरुद्ध, आणि बायझँटाइन सम्राटाचा पाठिंबा मिळवून काही काळ तोच राज्याचा खरा कर्ताधर्ता होऊन बसला. शेवटी त्याचेच साथीदार त्याच्यावर उलटले आणि त्याला संन्यास घ्यावा लागला. राजघराण्याने यातून एक गोष्ट मनाशी बांधली: ज्याच्याकडे फौज आणि पिढीजात मुलूख दोन्ही आहेत, त्याला राजाची गरज उरत नाही.

हा तिढा सोडवायला राजा चौथा डेव्हिड याने (कारकीर्द 1089 ते 1125) हात घातला. बाघवाश्यांचे क्ल्देकारी त्याने राज्यात सामील केले. मग 1118 च्या सुमारास कॉकेशसच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतून किपचाक नावाच्या भटक्या तुर्की टोळ्या आणून त्याने आपल्या मुलखात वसवल्या. त्याची राणी किपचाक सरदार आत्राकची मुलगी होती, त्यामुळे बोलणी सोपी गेली. जॉर्जियन इतिवृत्तात चाळीस हजार कुटुंबांचा आकडा येतो. प्रत्येक घरामागे एक घोडेस्वार. याशिवाय पाच हजारांची खास तैनातीची फौज राजाने स्वतःच्या हाताखाली ठेवली. आता राजाला युद्धासाठी प्रत्येक वेळी सरंजामदारांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नव्हते. 1121 मध्ये दिदगोरीच्या लढाईत या सैन्याने सेल्जुकांच्या आघाडीचा धुव्वा उडवला आणि पुढच्याच वर्षी तिबिलिसी राजाच्या ताब्यात आले. एवढ्या मिश्र फौजेला एका हुकमाखाली आणणारा, दरबारात बसणारा आणि राजाला उत्तर देणारा अधिकारी हवा होता. अमीरस्पसालाराचे पद बाराव्या शतकात ठळकपणे पुढे आले ते या परिस्थितीत.

पदाची जागा दरबाराच्या रचनेत ठरलेली होती. राज्यकारभार वजिरांच्या मंडळाकडून चाले आणि मोठे निर्णय ‘दरबाजी’ नावाच्या दरबारात होत. पहिला वजीर ‘म्त्सिग्नोबार्तुखुत्सेसी’, म्हणजे दप्तराचा आणि लेखकांचा प्रमुख. डेव्हिडच्या काळापासून हे पद च्कोंदिदीच्या बिशपाकडेच असे, त्यामुळे चर्चचा आवाज मंत्रिमंडळात कायम पहिला राही. त्याच्यासोबत ‘मंदातुर्तुखुत्सेसी’, म्हणजे दरबाराची शिस्त आणि अंतर्गत व्यवस्था पाहणारा; ‘मेचुर्च्लेतुखुत्सेसी’, म्हणजे खजिनदार; ‘म्साखुर्तुखुत्सेसी’, म्हणजे राजवाड्याच्या नोकरचाकरांचा आणि खासगीचा प्रमुख; आणि सैन्याचा वजीर तो अमीरस्पसालार. त्याचा मदतनीस ‘अमीराखोरी’. हा राजाच्या पागेचा प्रमुख. घोडदळावरच सगळी मदार असलेल्या फौजेत पागा सांभाळणारा माणूस सेनापतीचा उजवा हात ठरावा, यात नवल नाही.

दरबारात कोणी कुठे बसायचे, कोणी कोणासमोर उठायचे, कोणाचा मान कितवा, याचे बारीकसारीक नियम ‘दरबारची व्यवस्था’ या अर्थाच्या ‘कारिस गारिगेबा’ या ग्रंथात लिहिलेले आहेत. ग्रंथ त्रुटित सापडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक्व्तिमे ताकाइश्विली या विद्वानाने तो छापून काढला. आजच्या वाचकाला त्यातला मानपानाचा सोस पाहून हसू येईल. पण ज्या दरबारात आसनाची जागा म्हणजे सत्तेतला वाटा, तिथे हे नियम करमणुकीचा विषय नव्हते. एकाचे आसन दुसऱ्याच्या वर सरकले, की घराण्यांमध्ये वैर पेटे.

युद्धाच्या वेळी राजाचे फर्मान सुटे. एरिस्तावी, म्हणजे प्रांतांचे सुभेदार, आपापली निशाणे आणि माणसे घेऊन ठरल्या ठिकाणी जमत. त्यांत किपचाक, डोंगरी टोळ्या आणि भाडोत्री स्वार येऊन मिळत. रणांगणावर सर्वोच्च मान राजाचाच. राजा स्वतः हजर असेल तर अमीरस्पसालार त्याच्या हाताखालचा. पण बिनीची फौज बहुधा अमीरस्पसालाराकडे असे आणि राजा नसेल तिथे सगळी मोहीम त्याची. लढाईबाहेर या पदाचे महत्त्व त्याच्या मुलखात होते. पदाला जहागीर जोडलेली असे आणि बाराव्या शतकात ती जहागीर म्हणजे लोरे.

लोरेचा किल्ला आज आर्मेनियात, स्तेपानावान गावाजवळ आहे. दोन नद्यांच्या खोल दऱ्यांनी त्याच्या बाजू तोडलेल्या आहेत; उघडी राहिलेली बाजू तेवढी जाड तटाने बंद केली, की आतल्या माणसाला हात लावणे अवघड. आर्मेनियन राजांची ती जुनी राजधानी. चौथ्या डेव्हिडने ती जिंकली आणि नंतर ती ओर्बेली घराण्याकडे गेली. ओर्बेलींनी अमीरस्पसालाराचे पद पिढ्यानपिढ्या आपल्याकडे ठेवले. म्हणजे लिपारित बाघवाशीच्या वेळचा प्रश्न नव्या नावाने पुन्हा उभा राहिला: पद राजाने द्यायचे, पण त्याला जोडलेला किल्ला राजाच्याच विरोधात उपयोगी पडेल असा.

पद आणि घराणे यांची गाठ किती घट्ट झाली होती, हे 1155 च्या प्रकरणातून दिसते. त्या वर्षी राजपुत्र डेव्हिडने (पाचवा) बाप हयात असतानाच गादी घेतली आणि सहा महिन्यांच्या आत तो मेला. तेराव्या शतकातला आर्मेनियन इतिहासकार वर्दान सांगतो, की या राजाने तुरुंगातून सोडवलेल्या तिर्काश नावाच्या सरदाराला सेनापती केले होते. त्यामुळे सुंबात आणि इवाने या ओर्बेली भावांनी राजाचा काटा काढला, कारण डेव्हिडचा भाऊ गिओर्गी याने त्यांना ते पद देण्याचे कबूल केले होते. त्याच शतकातला दुसरा आर्मेनियन इतिहासकार स्तेपानोस ओर्बेलियान वेगळीच हकीकत देतो: मरणाऱ्या डेव्हिडने आपल्या लहान मुलाचा, देम्नाचा, हक्क राखण्याची शपथ सगळ्यांकडून घेतली आणि ती शपथ गिओर्गीने मोडली. स्तेपानोस स्वतः त्याच घराण्यातला, त्यामुळे त्याची लेखणी पूर्वजांच्या बाजूने झुकणार हे गृहीत धरायला हवे. वर्दानच्या कथेत मात्र खुनामागचा हेतू सेनापतीपद हा आहे, आणि त्या काळच्या वाचकाला तो हेतू पटण्याजोगा वाटला, एवढेही पुरेसे बोलके आहे.

गादीवर आलेला तिसरा गिओर्गी कर्तबगार निघाला. 1161 मध्ये त्याने आनी हे आर्मेनियाचे जुने वैभवशाली शहर जिंकले. इवाने ओर्बेली त्याचा अमीरस्पसालार होता. देम्ना मोठा झाला तेव्हा इवानेने आपली मुलगी त्याला दिली, आणि 1177 मध्ये जावयाचा गादीवरचा हक्क पुढे करून बंड पुकारले. देशातले बरेच बडे सरदार त्याला मिळाले. राजा तिबिलिसीत आश्रयाला गेला आणि त्याने किपचाक स्वारांना हाक दिली. बंडखोरांनी उशीर केला, तेवढ्यात एकेक सरदार पाय काढू लागला. त्यांत मोठे नाव होते सार्गिस म्खार्ग्र्द्झेलीचे. इवाने लोरेत जाऊन बसला. आपला भाऊ लिपारित याला त्याने अझरबैजानच्या अताबेग राज्यकर्त्याकडे मदत मागायला पाठवले, पण मदत वेळेवर आली नाही. वेढा कडक होत गेला. देम्ना तटावरून दोराने खाली उतरला आणि चुलत्याच्या पायांवर जाऊन पडला, अशी हकीकत आहे. चुलत्याने त्याचे डोळे काढवले, खच्ची केले, आणि तो थोड्याच दिवसांत मेला. इवानेलाही आंधळे केले गेले. घराण्यातले हाती लागलेले पुरुष मारले गेले. वाचले ते लिपारितबरोबर बाहेर गेलेले. ओर्बेलींची नावे शिलालेखांतून आणि ग्रंथांतून पुसून टाकण्याचा हुकूम राजाने काढला, असे स्तेपानोस लिहितो.

पुढच्याच वर्षी गिओर्गीने मुलगी तामार हिला सहराणी म्हणून राज्याभिषेक केला. सेनापतीपदावर त्याने कुबासार या किपचाक माणसाची नेमणूक केली आणि लोरेही त्यालाच दिले. कुबासारच्या मागे जुने घराणे नव्हते, वडिलोपार्जित मुलूख नव्हता, सोयरेधायरे नव्हते. राजा आहे तोवर तो आहे, एवढाच त्याचा आधार. राजाच्या दृष्टीने याहून चांगला सेनापती कोणता? सरदारांना मात्र हा अपमान वाटला. 1184 मध्ये गिओर्गी वारला आणि तामार एकटी गादीवर आली, तेव्हा सरदारांनी पहिली मागणी केली ती कुबासार आणि त्याच्यासारखाच सामान्य कुळातून वर आलेला अफ्रिदोन यांना काढण्याची. कुबासार तोवर आजाराने लुळा पडला होता. तामारने त्याच्याकडून लोरे आणि पद काढून घेतले, पण बाकीची मालमत्ता त्याच्याकडेच राहू दिली. वडिलांच्या निष्ठावंताला राणीने वाऱ्यावर सोडले नाही, हे इतिवृत्तकाराने मुद्दाम नोंदवले आहे.

याच गदारोळात खजिनदार कुत्लू अर्सलान आणि त्याच्या साथीदारांनी आणखी धाडसी मागणी केली: राजवाड्याशेजारच्या इसानीच्या मैदानात एक मंडप उभारावा, तिथे सरदारांनी बसून निर्णय घ्यावेत आणि राणीने ते फक्त अमलात आणावेत. तामारने त्याला कैद केले. साथीदार हत्यारे उपसून उभे राहिले. दोन प्रतिष्ठित स्त्रिया बोलणी करायला पाठवल्या गेल्या आणि तडजोड झाली. मंडप उभा राहिला नाही, पण मोठ्या नेमणुका दरबाजीच्या संमतीने करण्याची रीत पक्की झाली. तामारच्या काळातले अमीरस्पसालार या तडजोडीतून आलेले आहेत: आधी सार्गिस म्खार्ग्र्द्झेली, त्याच्यानंतर गाम्रेकेल तोरेली, आणि 1191 च्या सुमारास सार्गिसचा मुलगा झकारिया.

म्खार्ग्र्द्झेली म्हणजे ‘लांब हातांचे’. इराणच्या प्राचीन अर्तक्षर राजाशी आपले नाते आहे, असा या घराण्याचा दावा असे. आर्मेनियन इतिहासकार किराकोस मात्र त्यांचे मूळ कुर्द सांगतो. आर्मेनियात त्यांना झकारियान म्हणतात. हे घराणे ओर्बेलींच्या हाताखाली वाढले आणि ऐन बंडात राजाकडे आले, त्याचे फळ त्यांना मिळाले. झकारियाचा धाकटा भाऊ इवाने दरबारातच म्साखुर्तुखुत्सेसी झाला. पुढे मंदातुर्तुखुत्सेसीचे पदही झकारियाकडे आले.

झकारियाच्या वीस-एकवीस वर्षांत या पदाचा दबदबा सर्वांत वाढला. 1195 मध्ये शाम्कोरला अझरबैजानच्या अबू बकरचा पराभव झाला. तिथे मुख्य सेनानी होता तामारचा पती डेव्हिड सोस्लान, पण बिनीवर झकारिया होता. 1199 मध्ये आनी पुन्हा हाती आले आणि ते भावांकडेच राहिले. 1203 मध्ये द्विन शहर आले. आर्मेनियाचा मोठा भाग या दोघांच्या हातात आला, आणि लोरेसोबत आनीसारखे व्यापारी शहरही मिळाल्यामुळे झकारिया कोणत्याही ओर्बेलीपेक्षा श्रीमंत झाला. तरीही त्याने बंड केले नाही. त्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधता येईल. पण जिंकलेला मुलूख जॉर्जियाच्या छत्राखालीच त्याच्याकडे टिकणार होता, हेही खरे.

1202 च्या सुमारास रूमचा सेल्जुक सुलतान रुक्नुद्दीन सुलैमानशाह प्रचंड फौज घेऊन निघाला आणि त्याने तामारकडे वकील धाडला. वकिलाने भर दरबारात राणीला उद्देशून लग्नाची नाहीतर रखेलपणाची भाषा केली. इतिवृत्तकार सांगतो, की अमीरस्पसालार पुढे झाला आणि त्याने वकिलाच्या थोबाडीत अशी लगावली, की तो जागीच कोसळला. तो शुद्धीवर आल्यावर झकारियाने त्याला सुनावले, की वकील नसतास तर जीभ आणि मग मान छाटली गेली असती. दरबारात वकिलावर हात उचलणे रिवाजाला सोडून होते. पण राणीच्या उपस्थितीत ते करण्याची मुभा असलेला माणूस सेनापतीच असावा, असे लिहिणाऱ्याला वाटले असणार. वकिलाला मानाची वस्त्रे देऊन परत पाठवले गेले. राणी वार्द्झियाच्या मठापर्यंत सैन्याबरोबर अनवाणी चालत गेली. बासियानच्या मैदानात, आजच्या तुर्कस्तानातल्या एर्झुरूमजवळ, झकारिया आणि अखालत्सिखेली बंधू बिनीवर होते. सुलतानाची फौज पांगली.

झकारियाची एक अडचण शस्त्रांनी सुटणारी नव्हती. तो आर्मेनियन चर्चचा अनुयायी, तर राणी आणि बहुतेक सैन्य जॉर्जियन ऑर्थोडॉक्स. भाऊ इवानेने पुढे जॉर्जियन पंथ स्वीकारला; झकारिया आपल्या पंथावर ठाम राहिला. मोहिमेवर जॉर्जियन सैनिकांचे पाद्री तंबूत वेदी मांडून प्रार्थना घेत, पण आर्मेनियन चर्चला तंबूतली उपासना मान्य नव्हती. सरसेनापतीच्या छावणीतच त्याच्या पंथाची प्रार्थना होऊ नये, ही गोष्ट झकारियाला डाचत होती, असे किराकोस लिहितो. त्याने किलिकियाच्या आर्मेनियन राजाला, लेवोनला, आणि धर्मगुरूंना पत्र लिहिले. तिकडून परवानगी आली आणि सोबत तंबूचे चर्च, पूजेचे सामान व गाणारे सेवकही आले. लोरेला जमलेल्या बिशपांपैकी काहींनी मात्र ही नवी रीत पाखंडी ठरवून कडवा विरोध केला. त्या काळचा सेनापती पत्रे पाठवतो, धर्मसभा भरवतो, पाद्र्यांशी वाद घालतो, हे या प्रसंगात जवळून दिसते. 1201 मध्ये त्याने बांधवलेल्या हारिचावांकच्या चर्चच्या पूर्वेकडच्या भिंतीवर झकारिया आणि इवाने यांची शिल्पे आजही आहेत. दोन पंथांचे दोन भाऊ एकाच चर्चच्या भिंतीवर.

1210 च्या सुमाराच्या मोहिमेत इवानेवर नामुष्की ओढवली. व्हान सरोवराकाठचे खलात शहर अय्यूबी घराण्याकडे होते. त्या वेढ्यात इवानेचा घोडा अडखळून पडला आणि तो तटाखालीच शत्रूच्या हाती सापडला. झकारियाने शहर खणून काढण्याची धमकी दिली. बोलण्यांतून कैद्यांची सुटका, खंडणी आणि तह ठरला, आणि त्या तहात इवानेची मुलगी ताम्ता हिला अय्यूबी अमीराशी लग्न करावे लागले. सेनापतीच्या घराण्याची लेक तहातले कलम झाली. तो अमीर लवकरच वारला आणि ती त्याच्या भावाकडे गेली. पुढे ख्वारझमच्या जलालुद्दीनच्या आणि मग मंगोलांच्या हाती पडण्याचे तिच्या नशिबी आले.

1212 मध्ये झकारिया वारला आणि त्याला सानाहिनला पुरले. त्याचा मुलगा लहान होता. तामारने इवानेला अमीरस्पसालार व्हायला सांगितले, तेव्हा त्याने वेगळेच मागणे केले: सेल्जुकांच्या राज्यात असते तसे ‘अताबागी’चे पद आपल्यासाठी निर्माण करावे. अताबाग म्हणजे राजपुत्राचा पालक आणि त्यामुळे सगळ्या वजिरांत मानाने वरचा. राणीने ते दिले. भावाच्या जागेवर नुसते बसण्याऐवजी इवानेने त्या जागेच्या डोक्यावर नवी जागा बांधून घेतली. त्यानंतर अमीरस्पसालाराचे पद हळूहळू अताबागाच्या सावलीत गेले.

याच काळातला ‘वाघाच्या कातड्यातला वीर’ हा शोता रुस्तावेलीचा महाकाव्यग्रंथ जॉर्जियन साहित्याचा कळस मानला जातो. त्याचा एक नायक अव्तांदील अमीरस्पसालाराचा मुलगा आणि स्वतः सेनापती आहे. दुसरा नायक तारिएल हिंदुस्थानातला राजपुत्र, आणि त्याच्याकडे तिथल्या दरबारातले ‘अमीरबार’ हे पद आहे. रुस्तावेलीने हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्याने जॉर्जियाच्या दरबारालाच हिंदुस्थानी नाव दिले. प्रेम, मैत्री आणि स्वामिनिष्ठा यांची गोष्ट सांगताना कवीला दोन्ही नायक सेनापती करावेसे वाटले, यावरून त्या पदाचे लोकांच्या मनातले वजन कळते.

1225 च्या ऑगस्टमध्ये जलालुद्दीन ख्वारझमशाह गार्नीजवळ आला. आता गादीवर असलेल्या राणी रुसुदानची फौज म्हाताऱ्या इवानेच्या हाती होती. बिनीवर अखालत्सिखेली बंधू होते. त्यांनी पुन्हा पुन्हा मदत मागितली आणि इवाने मुख्य फौज घेऊन जागचा हलला नाही. जॉर्जियन इतिवृत्तकार याला सरळ मत्सर म्हणतो. बिनी कापली गेली, शाल्वा अखालत्सिखेली कैद झाला आणि पुढच्या वर्षी तिबिलिसी पडले. मत्सराचा आरोप सिद्ध करता येत नाही. पण ज्या व्यवस्थेत बिनीचा मान, अताबागाचा मान आणि घराण्याचा मान एकमेकांवर आपटत होते, तिथे असा संशय येणे अपरिहार्य होते.

मंगोल आले तेव्हा अमीरस्पसालाराच्या पदाचा कणा मोडला. इवानेचा मुलगा अवाग 1236 मध्ये शरण गेला आणि मंगोलांच्या खानाच्या भेटीला मंगोलियात गेला. मंगोलांनी देशाची दहा-दहा हजारांच्या फौजेच्या हिशेबाने विभागणी केली. सैन्य जॉर्जियाचे, पण त्याला हुकूम मंगोलांचा, आणि त्याची रवानगी थेट इराणातल्या अलमूतच्या वेढ्यापर्यंत. कोणाला कोणते पद, हेही आता इलखानाच्या, म्हणजे इराणातल्या मंगोल राज्यकर्त्याच्या, मर्जीवर ठरू लागले. 1280 च्या दशकात अताबाग झाला तो तार्साइच ओर्बेलियान. शंभर वर्षांपूर्वी देशोधडीला लागलेल्या लिपारितच्या वंशातलाच, आणि इतिहासकार स्तेपानोसचा बाप. त्याच वेळी अमीरस्पसालार होता खुतलुबुगा. अताबागी हुकल्याचा राग त्याने राजावर काढला.

चौदाव्या शतकात पाचव्या गिओर्गीने मंगोलांचे जोखड झुगारले आणि जुनी दरबारी पदे सावरली. सामत्स्खेच्या जाकेली घराण्याकडे अताबागी गेली आणि त्या प्रांताचे नावच ‘साआताबागो’ पडले. पंधराव्या शतकाच्या शेवटी राज्याची तीन तुकड्यांत आणि अनेक संस्थानांत फाळणी झाली. एका राज्याचा एक सेनापती ही कल्पनाच मग टिकली नाही. त्या तीन तुकड्यांपैकी कार्तलीच्या राज्यात मुलूख ‘सादरोशो’, म्हणजे निशाणांच्या विभागांत वाटला गेला आणि प्रत्येक विभागावर एक ‘सरदाली’ नेमला गेला. त्यांतल्या एका विभागाचे सरदालीपद अमिलाखवारी घराण्याकडे होते. या घराण्याचे आडनाव अमीराखोरीवरून, म्हणजे कधीकाळी अमीरस्पसालाराच्या हाताखाली पागा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदावरून आलेले आहे.